घोडा का अडला?

पान का सडले, भाकरी का करपली, घोडा का अडला, या तीन प्रश्नांचे एकच उत्तर आपल्या घराघरांतून मुलांकडून पाठ करून घेतले जात असे: न फिरविल्यामुळे. उत्तर चतुर आहे. पान आणि भाकरी यांच्यापुरते ते निर्विवाद खरेही आहे. घोड्याच्या बाबतीत मात्र ते अर्धेच खरे आहे, असे माझे मत अलीकडे बनले आहे. बांधून ठेवलेला घोडा बिघडतो हे कबूल. पण अडलेल्या घोड्यांपैकी पुष्कळ घोडे उपाशी पोटामुळे, किंबहुना उपाशी पोटात पडलेल्या व्रणांमुळे अडत असतात. माणसाला होतो तसाच अल्सर घोड्यालाही होतो. अशा घोड्याला आणखी फिरविणे म्हणजे पोट धरून बसलेल्या माणसाला डोंगर चढावयास लावणे होय.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो सिल्वासा येथे. दादरा-नगर हवेलीचा मुलूख आपल्या वाचकांना परका नाही. पेशव्यांच्या दरबाराने १७७९च्या तहाने तो पोर्तुगीजांच्या पदरात घातला, आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मोकळे झाले तेव्हा त्या कामी पुढे सरसावलेल्यांत सुधीर फडके यांच्यासारखा गाण्यातला माणूसही होता. आज दमणगंगेच्या खोऱ्यात कारखाने उभे आहेत, आणि नोकरीनिमित्त आपल्याकडची काही बिऱ्हाडे तेथे जाऊन राहिली आहेत. गेल्या हिवाळ्यात अशाच एका नात्यातल्या घरी लग्न होते. वरात घोडीवरून निघावयाची होती. गुजरातेत राहून आपण घोडीचा थाट जरा अधिकच उचलला आहे, पण नवरदेवाने घोड्यावर बसावे ही चाल आपलीही जुनीच, तेव्हा त्याबद्दल माझी तक्रार नाही.

घोडी कुमैत रंगाची, अंगाने बारीक, पण चेहऱ्याने देखणी होती. दुपारी चार वाजता ती आली आणि विजेच्या दिव्यांच्या गाडीशेजारी बांधली गेली. वरात निघाली साडेसातला. या साडेतीन तासांत तिच्यापुढे गवताची एक काडी पडली नाही. मी सहज जवळ जाऊन उभा राहिलो. ती दात खात होती. पुन:पुन्हा ओठ वर करून जांभया देत होती. घोडीवाल्याने तंग आवळला तेव्हा तिने कान मागे पाडले आणि वळून चावा घेऊ पाहिला. “नखरे आहेत, काका,” तो म्हणाला. दाणा सकाळी घातला होता, आता रात्री घरी गेल्यावर. मध्ये गवत का नाही, असे विचारले तेव्हा त्याने दिलेले उत्तर मी विसरणार नाही. मांडवापुढे लीद पडली की यजमान पैसे कापतात, म्हणून लग्नाच्या दिवशी घोडीला दुपारनंतर काही द्यावयाचे नाही!

म्हणजे उपास घोडीवाल्याच्या घरचा नव्हता. तो आमच्या घरचा होता. पुढे वरातीत, बॅन्डच्या आणि फटाक्यांच्या गदारोळात, ती घोडी दोनदा अडली. आणि “जरा फिरवा रे तिला” असे ओरडणारे गृहस्थही आमच्याकडचेच निघाले.

त्या घोडीला अल्सर होता असे मी म्हणत नाही. दात खाणे, तंगाला चिडणे, जांभया देणे ही लक्षणे अल्सरची असू शकतात, तशी ती पाठीच्या, दातांच्या किंवा खोगिराच्या दुखण्याचीही असू शकतात. उलट, जठरात व्रण असूनही वरून काहीच न दाखविणारे घोडेही पुष्कळ असतात. घोड्याच्या अल्सरची खात्री करावयाची तर सुमारे तीन मीटर लांबीची दुर्बिणीची नळी नाकातून जठरापर्यंत घालून आत पाहावे लागते. रक्ताची तपासणी किंवा लिदीची परीक्षा यांवर विसंबता येत नाही. तरीही त्या संध्याकाळच्या साडेतीन तासांत घोडीच्या पोटात काय चालले असावयास पाहिजे, ते समजून घेतले तर मग त्या उपासाची गोष्ट क्षुल्लक वाटत नाही.

घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने अगदी लहान, आठ ते पंधरा लिटरांचे. निसर्गाने त्याला घटका-दोन घटकांत ताट संपवून उठणारे जनावर केलेले नाही. मोकळ्या रानात तो दिवस-रात्र मिळून सोळा-सोळा तास थोडे थोडे चरतो. त्यामुळे त्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरत असते, पोटात अन्न असो वा नसो. माणसाच्या पोटात आम्लाचा जोर मुख्यत: जेवणाच्या वेळी होतो, घोड्याच्या पोटाला जेवणाची वेळ माहीतच नाही. आणि त्या आम्लावर उतारा म्हणजे लाळ. ही लाळ घोड्याला गवत पाहून किंवा वास घेऊन सुटत नाही. जबडा हलला तरच सुटते. एक किलो वाळके गवत खावयास घोड्याला साधारण चाळीस मिनिटे लागतात. तेवढाच दाणा तो दहा मिनिटांत फस्त करतो, आणि त्यात लाळही गवताच्या निम्म्यानेच मिसळते. म्हणून तोबरा भरून चंदी दिली की घोड्याचे पोट भरले, ही आपली समजूत पोटाच्या दृष्टीने फसवी आहे.

आणखी एक गोष्ट. जठराचा खालचा भाग ग्रंथींचा असतो आणि त्याला चिकट थराचे अस्तर असते. वरचा सुमारे तिसरा हिस्सा अन्ननलिकेसारखा साधा, बिनअस्तराचा. आम्ल खालच्या भागात राहिले तर त्रास नाही. पण घोडा दुडक्या चालीने किंवा चौखूर निघाला की पोटाचे स्नायू आवळले जातात आणि खालचे आम्ल वर उसळते; चालत्या पट्ट्यावर घोडे पळवून हे २००२ साली दाखविले गेले आहे. जठरात गवताची चळत असेल तर ती आम्लावर झाकणासारखी बसते. पोट रिकामे असेल तर तो आम्लाचा शिडकावा थेट उघड्या भिंतीवर होतो. शर्यतीच्या तालमीतील घोड्यांची जठरे निरनिराळ्या देशांत तपासली गेली, तेव्हा दहांपैकी आठ-नऊ घोड्यांत व्रण सापडले. आणि एका प्रयोगात तर घोड्यांना एक दिवस गवत आणि एक दिवस उपास असे केवळ आठवडाभर ठेवले. तेवढ्याने त्यांच्या जठरात व्रण पडले. लग्नसराईत एकामागून एक मुहूर्त असतात. घोडीवाल्याच्या दारी त्या दिवसांत हा प्रयोगच चाललेला असतो म्हणाना!

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते काय? व्रण ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने नकुलाचे म्हणून सांगितले जाणारे अश्वशास्त्र १९५२ साली सचित्र छापले. शालिहोत्र, जयदत्त यांची नावेही आपण मोठ्या आदराने घेतो. पण जिवंत घोड्याच्या जठरात डोकावून पाहण्याची सोय त्या कोणापाशीच नव्हती. जुन्या ग्रंथांत सगळेच आहे असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस मी बसत नाही. मात्र व्रण ठाऊक नसला तरी वैरणीचे मोल त्यांना पुरते ठाऊक होते. १६७३च्या सुमारास शिवछत्रपतींनी चिपळूणकडील छावणीच्या जुमलेदार-हवालदारांना धाडलेले पत्र आपण शाळेत वाचतो ते रयतेच्या भाजीच्या देठासाठी. ते पत्र एकदा घोड्याच्या बाजूने वाचून पाहावे. पावसाळ्याचे चार महिने काढावयाचे आहेत. दाणावैरण आताच बेहिशेब उडविली तर ऐन पावसात ती संपेल, घोडी उपाशी मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारिली असे होईल, असा त्यातील इशाऱ्याचा आशय आहे. गवताच्या गंजीला आग लागू नये म्हणून चुली, चिलमी, इतकेच काय, दिव्याची वात पळविणारा उंदीर, इथपर्यंत त्यात विचार केला आहे. राज्य चालविणारा माणूस गवताच्या काडीची एवढी काळजी वाहतो, आणि आपण दोन तासांच्या वरातीसाठी गवत बंद करतो. पागांच्या आठवणी सांगणाऱ्या घराण्यांना हे शोभत नाही, हे मी स्पष्टच लिहितो.

कोणी म्हणेल, सिल्वासाच्या बाजूला गवताला काय तोटा? पाऊस धो धो पडतो, डोंगर हिरवेगार होतात. खरे आहे, पण त्या मुलखात गवताची गोष्ट इतकी सोपी कधीच नव्हती. शेजारच्या पारडी तालुक्यात मोठ्या जमीनदारांनी जमिनी गवतासाठी राखून ठेवल्या होत्या, कारण मुंबईच्या बाजारात गवताला पैसा मिळे. आणि ज्या आदिवासींनी ते गवत कापावयाचे त्यांना भात पिकविण्यास जमीन नव्हती. ईश्वरभाई देसाई, अशोक मेहता या समाजवादी पुढाऱ्यांनी १ सप्टेंबर १९५३ रोजी तेथे सत्याग्रह सुरू केला आणि तो लढा १९६७ पर्यंत चालला. तेव्हा माणसाच्या अन्नाच्या जागी घोड्याची वैरण पेरा असे मी कदापि म्हणणार नाही. बांधावरचे, डोंगरउतारावरचे गवत वेळेवर, म्हणजे फुलोऱ्याच्या सुमारास, कापून नीट वाळविले तर दोन-चार घोडी बाळगणाऱ्याला ते पुरते. आपल्याकडे ते उभ्याउभ्या वाळून काडी होऊ देतात आणि मग कापतात.

भाताचा पेंढा स्वस्त आणि मुबलक मिळतो म्हणून पुष्कळ घोडीवाले पेंढ्यावरच भागवितात. येथे सावध राहावयास हवे. डेन्मार्कमध्ये दोनशे एक घोड्यांची जठरे पाहून २००९ साली एक अहवाल प्रसिद्ध झाला. ज्या घोड्यांना वैरण म्हणून नुसता पेंढाच मिळे त्यांच्यात व्रणांचा धोका चौपटीहून अधिक दिसला. ज्यांना दाण्यातून पिठूळ अंश जास्त मिळे त्यांच्यात सुमारे दुप्पट. आणि ज्यांना चरण्याच्या जागी पाणी नव्हते त्यांच्यातही धोका वाढलेला आढळला. तिकडचा पेंढा गव्हा-जवाचा, आपला भाताचा. पण निकृष्ट वैरण ती निकृष्टच. पेंढा गवतात मिसळून द्यावा, एकटा देऊ नये. लसूणघास थोडासा मिळाला तर उत्तम. त्यातील चुन्याचा अंश आम्लावर उतारा म्हणून उपयोगी पडतो.

हिशेब करूनच सांगतो, म्हणजे हे श्रीमंतांचे चोचले नव्हेत हे ध्यानी येईल. वरातीच्या घोडीचे वजन साडेतीनशे किलो धरा. तिला दिवसाला वजनाच्या दीड टक्का तरी कोरडी वैरण लागते. म्हणजे वाळके गवत सहा किलो. ते एकदम न टाकता अशा बेताने द्यावे की सहा तासांहून अधिक काळ तिचे तोंड रिकामे राहू नये. दाण्यातील पिठूळ अंश एका वेळी साडेतीनशे ग्रॅमच्या वर जाऊ नये. जवाच्या भाषेत सांगावयाचे तर एका वेळी सहाशे ग्रॅम जव, त्याहून अधिक नाही. सकाळी एकदाच भला मोठा तोबरा चढविण्यापेक्षा तोच दाणा तीनदा वाटून द्यावा. पाणी सदैव पुढे असावे.

राहता राहिले औषध. अल्सर म्हटले की हल्ली लोकांच्या तोंडी पहिला शब्द गोळीचा येतो. ओमेप्राझोल नावाचे आम्ल थांबविणारे औषध माणसांच्या घरोघरी पोहोचले आहे. घोड्यासाठी त्याचा खास लेप १९९९ साली अमेरिकेत मान्य झाला. औषध गुणकारी आहे, यात वाद नाही. जठराच्या वरच्या भागातील व्रण त्याने तीन-चार आठवड्यांत बहुतेक घोड्यांत भरून येतात. पण खालच्या, ग्रंथींच्या भागातील व्रण एकट्या त्या औषधाला दाद देत नाहीत. पुष्कळदा सुक्राल्फेटसारखी जोड द्यावी लागते. आणि मात्रा? व्रण भरून आणण्यासाठी त्या लेपाची मात्रा वजनाच्या दर किलोस चार मिलिग्रॅम. आपल्या साडेतीनशे किलोच्या घोडीला रोज चौदाशे मिलिग्रॅम. म्हणजे माणसाच्या वीस मिलिग्रॅमच्या सत्तर कॅप्सुली, अठ्ठावीस दिवस! त्यातही कॅप्सूल फोडून आतले दाणे कुटून चारले तर जठरातील आम्लच त्या औषधाचा निकाल लावते. तेव्हा औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून घोडीला घालणाऱ्याने पैसे लिदीत घातले असे समजावे. औषध द्यावयाचे ते पशुवैद्याच्या सल्ल्याने, सकाळी रिकाम्या पोटी, आणि अर्ध्या-पाऊण तासाने गवत पुढे टाकून. महिन्याने फेरतपासणी करावी. औषध चालू आणि उपासही चालू, असा व्यवहार असेल तर औषध थांबताच व्रण परत येतात.

माणसाच्या अल्सरच्या मुळाशी असणारा जंतू ऑस्ट्रेलियातील दोन डॉक्टरांनी १९८२ साली शोधून काढला आणि २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या ऐकीव माहितीवर घोड्यालाही जंतुनाशके टोचण्याचा मोह काहींना होतो. घोड्याच्या अल्सरला तसा जंतू कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही. याच्या उलट, लंगडणारी घोडी मुहूर्तापुरती उभी राहावी म्हणून वेदनाशामकाची सुई मारणे, आणि तीही सराईभर, हे मात्र पोटाला खरोखर घातक होऊ शकते.

दुर्बीण गावात नाही म्हणून हात जोडून बसण्याचे कारण नाही. घोड्याच्या पोटावर लक्ष ठेवण्याचे खरे काम मोतद्दाराचे डोळे करीत आले आहेत. घोडा गवत खातो पण दाणा अर्धा टाकून देतो, हे पहिले चिन्ह. दाणा खाल्ल्यावर थोड्या वेळाने पाय झाडतो, पोटाकडे वळून पाहतो. अंगावरची चमक जाते. तंग आवळताना चिडतो. शिंगराच्या बाबतीत दात खाणे, लाळ गळणे आणि पाठीवर उताणे पडून राहणे ही लक्षणे दिसली तर पशुवैद्याला त्याच दिवशी बोलवावे. घोड्याला वांती करता येत नाही, हेही विसरू नये; आतले दुखणे तो बाहेर टाकू शकत नाही.

एक साधी वही ठेवावी. आज किती दाणा उरला, लीद कशी होती, तंगाला काय केले, कोणत्या दिवशी किती तास उपास घडला, चार ओळी. महिन्यातून एकदा शिंप्याची फीत घेऊन छातीचा घेर आणि खांद्यापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरांत मोजावी. घेराला घेराने गुणून पुन्हा लांबीने गुणावे आणि ११,९००ने भागावे. जवळपासचे वजन किलोंत येते. घेर १६५ आणि लांबी १५० असली तर वजन ३४३ किलो. सराईच्या आरंभी आणि शेवटी हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले की पशुवैद्याला जे सांगावयाचे त्यातले अर्धे सांगून होते. ज्या घोडीवाल्याला लिहिता येत नाही त्याची शाळेत जाणारी मुलगी हे काम सहज करील, आणि हौसेने करील.

“भरल्या पोटी घोडा कामाला घेऊ नये” असे जुने स्वार सांगतात, तो आक्षेप कोणी घेईल. दाण्याबद्दल तो योग्यच आहे. तोबराभर चंदी चारून घोडा पिटाळला तर पोटशूळ ठेवलेलाच. पण खोगीर घालण्यापूर्वी अर्धा तास ओंजळ-दोन ओंजळी गवत चघळू देणे ही निराळी गोष्ट. ती चळत जठरात बसते आणि आम्ल खाली राहते. दाणा आणि गवत यांना एकाच “खाणे” या शब्दात कोंबल्यामुळे हा घोटाळा झाला आहे. राहिला लिदीचा प्रश्न. घोडा आहे, लीद टाकणारच! फावडे आणि टोपले घेऊन एक पोऱ्या वरातीमागे चालला तर नवरदेवाच्या इभ्रतीला धक्का पोचत नाही. पूर्वीच्या मिरवणुकांतून हत्ती, उंट, घोडे सगळेच असत. तेव्हा रस्ते काय गुलाबपाण्याने सारवलेले होते?

यंदा मार्गशीर्षात सिल्वासातच माझ्या पुतणीचे लग्न आहे. जावयाची वरात घोडीवरूनच निघणार. घोडीवाल्याशी मी स्वत: बोलून घेतले आहे: घोडी यावयाची ती मुहूर्ताच्या तासभरच आधी, गवताच्या दोन पेंढ्या आमच्याकडून, वरात दीड तासात आटोपावयाची, घोडीच्या जवळ फटाके नाहीत, लिदीबद्दल एक पैसाही कापावयाचा नाही. तो गृहस्थ प्रथम बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिला, आणि मग म्हणाला की, पेंढ्या तीन ठेवा. सगळे ठरले आहे. घोडे अडले आहे ते फक्त पाण्याच्या पिंपापाशी. मांडववाल्याचे म्हणणे, पिंप एकच आहे आणि ते आचाऱ्याला लागेल.